मापाच्या बांगड्या

मी एका बाईला तिच्या नेमक्या मापाच्या बांगड्या दिल्या, ही माझ्या सगळ्या धंद्यातली सर्वांत मोठी चूक. कासारीण चूक कबूल करायला बसली की लोकांना वाटतं, सैल दिल्या असतील, नाही तर तडा गेलेल्या गळ्यात मारल्या असतील. तसं काही नाही. एक माप मोठ्या दिल्या असत्या तर त्या बाईचा अंगठा शाबूत राहिला असता आणि कदाचित तिच्या नवऱ्याचं शेतसुद्धा. पण तेव्हा मी तरणीबांड आणि दीडशहाणी होते. लांबून हात बघून माप सांगायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची. सैल बांगडी देणं म्हणजे माझ्या हातांचा अपमान! देवानं मला हात चांगले दिले, अक्कल मात्र तोळामासाच दिली होती.

अंकाचे संपादक म्हणाले, आजी, बांगड्यांच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, नाहीत असं नाही. त्या आधी उरकून घेते.

आमचं घर वालूरचं. मालक बाजारात दुकान मांडायचे आणि मी डोक्यावर दुरडी घेऊन आजूबाजूची गावं करायची. काचेची बांगडी भरणं दिसतं सोपं. बाईचा हात घ्यायचा, दाबून दाबून मऊ करायचा, अंगठा तळव्यात मुडपायचा, आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो त्यावरून बांगडी जराशी फिरवत पुढं सारायची. मनगटावर गेल्यावर ती हलली पाहिजे, पण घसरता कामा नये. उजवा हात कामाचा, तो डाव्यापेक्षा जाडच असतो. धनगराच्या बायकांचे हात लोकरीच्या चिकटाईनं इतके मऊ असायचे की बांगडी आपण होऊन आत जायची. कापूस वेचणारीचे हात म्हणजे बाभळीची साल.

आणि खरी मेख अशी, की बाई हाताकडं बघत बसली तर हात ताठ होतो. म्हणून तिला बोलतं करायचं. बाई बोलायला लागली की हात ढिला पडतो. त्यामुळं कोणाची सासू काय बोलली, कोणाला दिवस गेले, कोणाचा नवरा कुठं जातो, हे सगळं कासारणीच्या कानावर पडणारच. ते ऐकायचं आणि तिथंच सोडून यायचं.

एका गढीत पडदानशीन बेगमसाहेब होत्या. पडद्याच्या फटीतून फक्त हात बाहेर यायचा. मी सात-आठ वर्षं त्या घरी गेले, तोंड एकदाही पाहिलं नाही. एकदा हात बाहेर आला आणि मी म्हटलं, "हा हात बेगमसाहेबांचा न्हाई." पडद्याआड हसण्याचा कल्लोळ उठला. दासीचा हात बाहेर काढून त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. "कासारन, तेरी आँखां उंगलियों में हैं क्या गे?" असा आतून आवाज आला. झालं! पुढचा महिनाभर मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. मालकांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, शेजारच्या म्हशीला सांगायचं तेवढं राहिलं.

सासूबाईंनी मला धंदा शिकवला. त्या म्हणायच्या, "कासारणीचं पोट दुरडीवर चालत न्हाई, नावावर चालतंय." नाव म्हणजे काय, तर आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फोडायच्या त्या एकदाच, नवरा गेल्यावर. त्यानंतर त्या हाताला कासारणीनं हात लावायचा नाही. लावला, तर गावातली सवाष्ण तिच्यापुढं हात करणार नाही. लग्नाचा चुडा नाही, डोहाळ्याच्या हिरव्या बांगड्या नाहीत, सण नाही, काही नाही. अशी एक कासारीण होऊन गेली म्हणे, तिला शेवटी दळणं दळून पोट भरावं लागलं. खरी होती की सासूबाईंनी मला भिववायला रचली होती, देव जाणे. मी भ्यायले एवढं खरं.

आता त्या बाईचं, कौतिकाचं सांगते.

तिच्या गावाचं नाव सांगत नाही, वालूरपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं एवढं पुरे. तिच्या लग्नाचा चुडा मीच भरला होता. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, एका मामानं लग्न लावून दिलं आणि तो सुटला. नवरा मारोती, गरीब स्वभावाचा. त्याचा थोरला भाऊ गणपत, तो मात्र गरीब नव्हता. दोघा भावांचं शेत एकत्र. एका वर्षी पीक बुडालं तेव्हा मारोती हैदराबादकडं कामाला गेला. पहिले काही महिने कुणाकुणाच्या तोंडी निरोप यायचे. मग बंद झाले. मग शेजारच्या गावचा एक माणूस तिकडून आला आणि म्हणाला, वस्तीत पटकीची साथ आली होती, त्यात मारोतीही गेला असं ऐकलं.

ऐकलं, बरं का. बघितलं नाही.

पण गणपतला तेवढं पुष्कळ झालं. दहावं-बारावं उरकून टाकलं. सासूनं लेकासाठी छाती बडवली, ते खरं रडणं होतं, त्यात मी खोट काढणार नाही. त्याच रडण्यात कौतिकाचे हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या. ती ओरडत होती म्हणे, "मढं कुणी बघितलं? मढं दावा!" दुःखानं पोरीचं डोकं फिरलं, असं बायका म्हणाल्या. मीही तेच म्हटलं. चारचौघी म्हणतात ते म्हणायला काय लागतं?

त्या हिवाळ्यात तहसीलदारसाहेबांचा दौरा लागला. गावाबाहेर आंबराईत राहुट्या पडणार, पटवारी फौतीच्या नोंदी पुढं ठेवणार. फौती म्हणजे कोण मेलं आणि त्याचं शेत कोणाच्या नावावर गेलं ते. मारोतीला मूलबाळ नव्हतं. तो मेला म्हणून नोंद झाली की शेत गणपतचं, आणि कौतिका त्याच्या घरची भाकरी खाणारी एक मुंडी बाई.

मी तुरीच्या शेतातून चालले होते. ओढ्याच्या अलीकडं ती आडवी आली. डोक्यावरून पदर, हात पदरात.

"वैनी, माजे हात भरा."

मी दुरडी डोक्यावर सावरली. "कौतिका, येडी का खुळी तू?"

"परवा सायेब येनार हाय. म्या त्येच्या म्होरं जानार. नवरा जिता हाय म्हननार."

"मग सांग की. तोंड हाय न्हवं?"

तिनं पदरातून हात बाहेर काढले. उघडे, काळवंडलेले, मनगटावर जखमांचे वण. "ह्ये हात घेऊन? वैनी, म्या तोंडानं जिता म्हननार आन् हात मेला म्हननार. सायेब कुनाचं ऐकंल?"

तिचं बरोबर होतं. आमच्या मुलखात बाईचे हात तिच्या आधी बोलतात, हे कासारणीला कुणी सांगायला नको.

"मला न्हाई जमायचं," मी म्हटलं. "माझ्या घरात खाणारी तोंडं हायेत. उद्या तुज्या गावात कोण हात पुढं करंल माझ्यापुढं?"

"कुनी बघायला न्हाई हितं."

"देव बघायलाय."

असं मी म्हटलं, आणि आज मला त्याचं हसू येतं. देवाची भीती मला तेव्हा अजिबात नव्हती. मला भीती तिच्या गावच्या पाटलीणबाईंची होती.

ती रडली नाही. रडली असती तर मी "रडू नको बाई" म्हणून निघून गेले असते. ती नुसती उभी राहिली, हात तसेच पुढं धरून. ते हात मी एकदा भरले होते, आणि भरलेला हात आम्हांला विसरता येत नाही.

मग माझ्या सुपीक डोक्यात युक्ती निघाली. अशी युक्ती, की नावाला डाग नाही आणि मनाला टोचणी नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवायची मला पहिल्यापासून हौस. मी दुरडी खाली उतरवली. हिरव्या बांगड्यांची एक माळ वर काढून ठेवली आणि म्हटलं, "मला तहान लागलीया. म्या वढ्यावर जाते. मागं वळून बघायची माजी सवय न्हाई."

ती समजली. मी ओढ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तोंड धुतलं, पुन्हा प्यायले. परत आले तेव्हा ती नव्हती आणि माळही नव्हती. दुरडी हलकी झाली नव्हती, पण मी झाले होते. गाणं गुणगुणत घरी गेले.

ती माळ सव्वादोनच्या मापाची होती. कौतिकाचं तेच माप. दुरडीत अडीचच्याही होत्या, तिला सहज घालता आल्या असत्या, जरा घरंगळल्या असत्या इतकंच. पण माझ्या मनात ते आलंच नाही. तिचा हात सव्वादोनचा, तर तिला सव्वादोनच्याच. मापाची काचेची बांगडी बाईला आपली आपण भरता येत नाही, ती भरायलाच तर कासारीण असते, हे जगात कुणाला ठाऊक असावं? मला.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं, जरा मिरवतच. वाटलं, म्हणतील, सून हुशार निघाली. विधवेच्या हाताला शिवू नको म्हणून मला पढवणारी ती बाई, हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडं वळली.

"भरायच्या न्हवत्या तर न्हाई म्हणून यायचं," त्या म्हणाल्या. "भरायच्या व्हत्या तर बसून भरायच्या. मुठीवर थांबलेली बांगडी फुटतीच, एवढं बी शिकली न्हाईस व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच गावात होते. पाटलाच्या गल्लीत दोन बायकांचे हात भरून झाले होते, तिसरीचा हातात घेतला होता, तेवढ्यात चावडीवरून बोलावणं आलं.

कौतिका चावडीपुढं मातीत बसली होती. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं रक्तानं ओलं. गोठ्यात बसून तिनं रिठ्याच्या फेसानं डाव्या हातात बांगड्या कशाबशा चढवल्या. उजव्याला, म्हणजे जाड हाताला, डाव्या हातानं सारताना दोन बांगड्या एकदम फुटल्या आणि काच अंगठ्याच्या मुळात घुसली. सासूनं रक्त बघितलं, डावा हात बघितला आणि बोंब ठोकली. डाव्या हातातल्याही फोडून झाल्या होत्या. एका फडक्यावर हिरव्या काचांचे तुकडे मांडले होते. त्या भागात तसली हिरवी काच फक्त माझ्याच दुरडीत असायची. त्याचाही मला अभिमान होता.

गणपत पुढं झाला. "पाटील, ह्या कासारणीनं रांडमुंडीचे हात भरले. आता गावच्या सवाष्णींनी कुनाकडं जावं?"

मी मागं बघितलं. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. ज्यांचे हात मी घटकेपूर्वी भरले होते त्या दोघींनी ते हळूच पदराआड ओढून घेतले. एवढंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. ते दोन पदर सरकताना मी बघितले.

पाटील म्हणाले, "बोल कासारणी. तू भरल्यास का?"

"न्हाई," मी म्हटलं. आवाज असा खणखणीत निघाला की माझं मलाच नवल वाटलं. "माझ्या हातानं हिच्या हातात एक बी बांगडी भरली न्हाई. भरली असंल तर माजे हात झडू द्या."

खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. हात अजून शाबूत आहेत, बघा पाहिजे तर.

"मग हिच्याकडं आल्या कशा?"

इथं माझी खरी भाषा संपली. मी दुरडीकडं बघत उभी राहिले. तेव्हा कौतिका बोलली, मान वर न करता.

"म्या काढल्या. वैनी दुरडी ठिवून पानी प्यायला वढ्याला गेल्त्या, तवा काढल्या."

तेही खरं होतं. तिचं खरं आणि माझं खरं जोडून एक सबंध खोटं तयार झालं, आणि त्या खोट्याचा सगळा भार तिच्यावर.

"म्हंजे चोरल्यास," पाटील म्हणाले.

"चोरल्या म्हना."

सासू कपाळ बडवत म्हणाली, "माज्या लेकामागं चोरटी बी निघालीस का गं! लाज कुठं ठिवू आता?"

तेव्हा कौतिकानं पहिल्यांदा मान वर केली. "चोरटी म्हना की आत्याबाई, रांडमुंडी नगा म्हनू. चोरटीला नवरा असतो."

गणपत तिला उठवायला पुढं आला, तेव्हा तिनं दुखरा हात छातीशी धरला आणि आपली आपण उठली.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं, म्हणून मी आजवर घरातही सांगितलं नव्हतं. हातातली काच काढणं हे आमचंच काम. फुटलेल्या बांगडीचा कण कुठं जातो, कसा वळतो, कुठून दाबला की वर येतो, हे दुसऱ्याला कळत नाही. त्या पंचक्रोशीत त्या कामाला माझ्यासारखा हात नव्हता. ती माझ्यापासून चार पावलांवर होती. पण आत्ताच तर मी हातांची शपथ घेतली होती. आता तोच हात हातात घेतला तर लोक काय म्हणतील? मी दुरडी उचलली आणि वालूरची वाट धरली. न्हाव्यानं नखं काढायच्या नराणीनं उकरून काढली म्हणे काच, निम्मी. उरलेली आत पिकली.

तहसीलदार आले, राहुट्या पडल्या, नोंदी झाल्या. कौतिकाला ताप चढला होता. तशीही ती पुढं गेली असती तर काय बोलणार? एक हात उघडा, दुसरा चिंध्यांत, आणि गावानं चोर ठरवलेली. मारोतीच्या नावापुढं मयत लागलं. थंडी सरायच्या आत तिला घराबाहेर काढलं. सेलूकडं गेली असं कळलं.

आणि माझं नाव? चुलीवर दूध उतू जावं तसं वर आलं. पाटलीणबाईंनी बोलावून लेकीच्या लग्नाचा चुडा मला सांगितला, वर खणानारळानं ओटी भरली. म्हणाल्या, "दुरडी लुटली तरी तोंडातून आरोपाचा शब्द काढला न्हाईस. अशी कासारीण पायजे बाई." मी ओटी पदरात घेतली, वाकून नमस्कार केला. घरी आले, नारळ फोडला. सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला नाही. मी आणि मालकांनी खाल्ला. गोड होता.

पुढं बरीच वर्षं गेली. निजामाचं राज्य डळमळायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी माल आणायला सेलूला गेले होते. कापसाचा हंगाम, गाड्यांची रांग लागलेली, जिनिंगच्या आवारातून तंतू उडत होते. व्यापाऱ्याकडचा माल बांधून व्हायला वेळ होता म्हणून मी रस्त्याच्या कडेला बसले होते. जिनातून बायका बाहेर पडल्या, केसांत, भुवयांत कापूस. कुणाच्या तोंडाकडं माझं लक्ष नव्हतंच, मी सवयीनं हात बघत होते. एक उजवा हात दिसला. अंगठा तळव्याकडं मुडपून बसलेला, बांगडी भरताना आम्ही मुडपतो तसा, आणि तसाच वाळलेला. दोन्ही मनगटं मोकळी.

"कौतिका," मी हाक मारली.

ती थांबली. ओळखलं. "वैनी व्हय? म्हाताऱ्या दिसायल्या."

"मारोती?"

"न्हाई आला आजून."

आजून. मी तिला शेजारी बसायला सांगितलं, ती बसली. मी तिच्याकडं न बघता गाठोडं सोडायला लागले. एकदम शूर झाले होते मी. सेलूचा बाजार, माणसांचा लोंढा, त्यात मला ओळखणारं एक कुत्रंसुद्धा नाही, मग शौर्याला काय तोटा? या खेपेला माप विचारात घेतलं. अंगठा वळत नव्हता म्हणून चांगल्या मोठ्या, सहज जातील अशा हिरव्या बांगड्या निवडल्या आणि मांडीवर मांडल्या.

"आण हात," मी म्हटलं. "भरते. भर रस्त्यात भरते. कोण काय म्हणतंय ते म्हणू दे."

तिनं हात पुढं केला नाही. बांगड्यांकडं बराच वेळ बघितलं, चांगल्या आहेत असं मान हलवून कबूल केलं. मग लुगड्यावरचा कापूस झटकत उभी राहिली आणि म्हणाली,

"हितं नगं, वैनी. हितं कोनबी भरतंय. वालूरच्या बाजारात भरनार असाल तर सांगा, म्या येते."